क्वालिटी मॅनेजर घेताय? आधी टेम्पो कोण थांबवणार ते ठरवा

वाचकाचं पत्र (थोडं छोटं करून): "सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत आमचं मशिनिंगचं युनिट आहे. वडिलांनी दोन लेथवर सुरू केलेलं, आता कॉम्प्युटरवर चालणारी दहा सीएनसी, चार व्हीएमसी मशीन आणि सगळी मिळून साठ-पासष्ट माणसं आहेत. कास्टिंग (ओतीव भाग) कोल्हापूरकडनं येतं, मशिनिंग करून चाकणच्या कंपनीला बेअरिंग हाउसिंग आणि ब्रॅकेट देतो. वर्षभरात कंप्लेंट वाढल्यात. कस्टमरच्या एसक्यूए साहेबांनी, म्हणजे सप्लायरची क्वालिटी बघणाऱ्यांनी, तोंडावर सांगितलं की नीट क्वालिटी मॅनेजर बसवा, तोवर नवीन पार्ट मिळणार नाही. आजवर इन्स्पेक्शन आमचे अण्णा बघतात, वडिलांच्या वेळचे आहेत, प्रॉडक्शन मॅनेजरच्या हाताखाली. तीन उमेदवार बघितले. एक पुण्याचा, मोठ्या कंपनीतला, ब्लॅक बेल्ट (सिक्स सिग्मा नावाच्या क्वालिटी पद्धतीचं सर्टिफिकेट), पगार आमच्या तयारीच्या दुप्पट मागतो. दुसरी एक मॅडम, डिप्लोमा मेकॅनिकल, मिरजेच्या, इथल्याच एका कारखान्यात दहा-अकरा वर्षं काढलेल्या, पण बाईमाणूस, शॉपवर पोरं ऐकतील का? शिवाय इंटरव्ह्यूत त्यांनी मलाच उलट विचारलं, 'तुमच्याकडं डिस्पॅच थांबवायचा अधिकार कुणाला आहे?' मला जरा उद्धट वाटलं. तिसरा बायकोच्या मामांचा मुलगा, बी.ई. झालाय, घरचा आहे, विश्वासाचा. काय बघून माणूस घ्यावा? आणि अण्णांचं काय करायचं? नाव छापू नका."

दादा, नाव छापत नाही, काळजी नको. पण तुम्ही जे उद्धटपणा म्हणून लिहिलंय ना, तिन्ही इंटरव्ह्यूत मिळून तोच एक कामाचा प्रश्न विचारला गेलाय, आणि तो तुम्ही नाही, त्या बाईंनी विचारला. मग तुम्ही काय उत्तर दिलंत ते पत्रात कुठंच नाही. माझा अंदाज, तुम्ही म्हणाला असाल "अहो ते आम्ही सगळे मिळून बघतो". म्हणजे कुणालाच नाही.

बघा, क्वालिटी मॅनेजर म्हणजे शेवटी काय करणारा माणूस? महिन्याची तीस तारीख, संध्याकाळचे सहा, टेम्पो गेटवर लागलाय, ड्रायव्हर चहा पिऊन आलाय, बिलिंग झालंय, कस्टमरच्या स्टोअरमधनं तिसरा फोन येऊन गेलाय, आणि पीडीआयला, म्हणजे माल निघायच्या आधीच्या तपासणीला, पंचवीस पीस काढले त्यातले दोन बोअरला, म्हणजे आतल्या भोकाला, ढिले निघाले. अशा वेळी "माल उतरवा" असं म्हणणारा माणूस तुम्हाला पाहिजे आहे का, हे आधी स्वतःला विचारा. पाहिजे असेल तरच पुढचं वाचा. नुसता एसक्यूएला दाखवायला माणूस पाहिजे असेल तर तिसरा उमेदवार झकास आहे, घरचाच आहे, काही बोलणार नाही.

आणि हे काही माझ्या मनचं नाही. ऑटोमोटिव्हवाल्यांचं क्वालिटीचं जे स्टँडर्ड, आयएटीएफ १६९४९, आहे, २०१६ साली आलेलं, त्याच्या ५.३.२ कलमात सरळ लिहिलंय की प्रॉडक्टच्या क्वालिटीची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना शिपमेंट थांबवायचा आणि प्रॉडक्शन थांबवायचा अधिकार पाहिजे, आणि सगळ्या शिफ्टला असा जबाबदार माणूस पाहिजे. सगळ्या म्हणजे रात्रपाळीला सुद्धा. तुमच्याकडं रात्री अडीच वाजता इन्सर्ट (धातू कापणारं पातं) तुटला आणि ऑपरेटरनं मशीनवर माप सरकवून, म्हणजे ऑफसेट मारून, गाडी पुढं ढकलली तर मशीन बंद करायला कोण आहे? अण्णा तर घरी झोपलेले असणार. उमेदवाराला हा प्रश्न टाकाच, रात्रपाळीचं काय करशील म्हणून. "सीसीटीव्ही लावू" म्हणाला तर हसून विषय बदला. मशीन लावून देणाऱ्या सेटरला किंवा लाइन इन्स्पेक्टरला लेखी अधिकार देऊ, काय झालं की थांबवायचं आणि कुणाला उठवायचं याची एक छोटी यादी मशीनवर लावू, पहाटेचा माल सकाळी तपासल्याशिवाय पुढं सोडायचा नाही, असं काहीतरी बोलला तर त्यानं रात्रपाळी बघितलेली आहे.

त्यातच दुसरी गोष्ट येते. तुमच्याकडं इन्स्पेक्शन प्रॉडक्शन मॅनेजरच्या हाताखाली आहे, ते पहिल्यांदा बदला, माणूस यायच्या आधी बदला. ज्याला टारगेट गाठायचंय त्याच्याच हाताखालच्या माणसानं त्याचा माल अडवायचा, हे कसं जमायचं? अण्णांनी आजवर किती वेळा मान खाली घालून सही केली असेल ते त्यांना एकदा चहाला बसवून विचारा, सांगतील. क्वालिटी मॅनेजर थेट तुम्हाला रिपोर्ट करणार. प्रॉडक्शनवाल्याला वाईट वाटेल, वाटू दे.

तिसरी गोष्ट, सगळं त्याच्या गळ्यात मारून तुम्ही मोकळे होणार नाही. पूर्वी क्वालिटीच्या आयएसओ ९००१ स्टँडर्डमध्ये मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह नावाचा एक माणूस नेमावाच लागायचा, एमआर एमआर म्हणायचे, आणि ऑडिट आलं की सगळे त्याच्याकडं बोट दाखवायचे. २०१५ च्या आवृत्तीत ती सक्ती काढून टाकली आणि जबाबदारी टॉप मॅनेजमेंटवर, म्हणजे दादा तुमच्यावर, टाकली. रिव्ह्यू मीटिंगला तुम्ही स्वतः बसायचं, मोबाईल उलटा ठेवून.

आता माणूस कसा पारखायचा त्याकडं येऊ. केबिनमध्ये बसून सीव्ही चाळत इंटरव्ह्यू घेतलात ना तिघांचे? मग तुम्हाला कळलं ते एवढंच की कोण चांगलं बोलतो. पुण्याच्या साहेबांना पीपॅपच्या, म्हणजे नवीन पार्टच्या मंजुरीच्या फाइलीतल्या, अठराच्या अठरा गोष्टी पाठ असतील, सीपीके, एमएसए, एफएमईए हे क्वालिटीचं सगळं घडाघडा येत असेल, त्यात वाईट काही नाही, यायलाच पाहिजे. पण ते दुसऱ्यानं केलेलं बघून आलंय का स्वतः हात काळे करून आलंय, हे केबिनमध्ये कळत नाही. त्यामुळं दुसरी फेरी शॉपवर घ्या, प्रत्येकाला अर्धा दिवस बोलवा, मामांच्या मुलाला सुद्धा बोलवा म्हणजे घरात बोलायला जागा राहणार नाही.

शॉपवर काय करायचं सांगतो. तुमच्या बेअरिंग हाउसिंगमध्ये ६२०५ बेअरिंग बसत असेल तर बोअर ५२ एच७ असणार, म्हणजे ५२.००० ते ५२.०३० मिलिमीटर, सगळी मिळून तीस मायक्रॉनची टॉलरन्स (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एक जॉब मशीनवरनं नुकताच उतरवलेला, हाताला गरम लागतोय असा, टेबलावर ठेवा. शेजारी व्हर्नियर ठेवा. भोक बारकाईनं मोजायचं बोअर डायल गेज आणि ते जुळवून घ्यायची सेटिंग रिंग जरा बाजूला, कपाटात असू दे. आणि म्हणा, साहेब, हा बोअर ओके आहे का जरा बघून सांगा. बास, पुढं काही बोलू नका.

जो व्हर्नियर उचलून बोअरमध्ये घालतो आणि "५२.०२, ओके" म्हणतो तो संपला. ज्या व्हर्नियरचा लीस्ट काउंटच, म्हणजे मोजता येणारं सगळ्यात लहान माप, वीस मायक्रॉन त्यानं तीस मायक्रॉनची टॉलरन्स काय मोजणार? जो म्हणतो "बोअर डायल द्या, आणि रिंग कुठं आहे, कॅलिब्रेशन कधी झालंय" तो पास. आणि जो बोअर डायल हातात घेऊन सुद्धा थांबतो, जॉबला हात लावून बघतो आणि म्हणतो "जॉब गरम आहे, रिंग थंड आहे, दोन्ही जरा एका जागी ठेवू आणि मग मोजू", त्याला चहा नाही, जेवण घाला. कास्ट आयर्नचा बोअर पंधरा डिग्रीनं गरम असला तर ५२ मिलिमीटरला साधारण आठ मायक्रॉन मोठा दिसतो, तीस मधले आठ तिथंच गेले. मग शॉपवर बोअर ओके आणि चाकणला एसी स्टँडर्ड रूममध्ये अंडरसाइज, आणि तुम्ही म्हणणार कस्टमरचं सीएमएम, म्हणजे मोजायचं मशीन, चुकतंय. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडमध्ये काय तापमान असतं ते तुम्हाला मी सांगायला नको, आणि मोजमापाचं स्टँडर्ड तापमान जगभर वीस डिग्री आहे. तुमच्या कंप्लेंटमधल्या काही अशाच असतील, उन्हाळ्यातल्या तारखा काढून बघा.

हे झालं की त्याला तुमची एक जुनी चेकशीट द्या. दोन तासाला एक रीडिंग अशी असते ती. आता खरं सांगा दादा, तुमच्या चेकशीट्स खऱ्या आहेत का? बहुतेक ठिकाणी ५२.०१५, ५२.०१५, ५२.०१५ अशी ओळ असते, एकाच पेनानं, एकाच तिरप्या अक्षरात, आणि कधीकधी तर सकाळी अकराला दुपारी दोनचं रीडिंग भरून झालेलं असतं. अशीच एक शीट त्याच्यासमोर टाका आणि गप्प बसा. ज्याला मशिनिंग कळतं त्याला हे खुपतंच, कारण इन्सर्ट झिजत जातो तसं रीडिंग हळूहळू सरकायला पाहिजे, मग ऑफसेट दिला की परत मागं यायला पाहिजे, सरळ रेष कधीच येत नाही. त्याला ते दिसलं पाहिजे. दिसल्यावर तो काय बोलतो तेही ऐका. "कोण आहे तो इन्स्पेक्टर, बोलवा त्याला" म्हणणारा एक प्रकार. "गेज मशीनपासनं किती लांब आहे, एका माणसाकडं किती मशीन आहेत, त्याला मोजायला वेळ मिळतो का" असं विचारणारा दुसरा प्रकार. मला विचाराल तर दुसरा. पोरगं खोटं का लिहितं याचं कारण बहुतेक वेळा ज्यानं काम वाटून दिलं त्याच्याकडंच सापडतं.

मग एक जुनी कंप्लेंट द्या, तिचा तुम्ही कस्टमरला पाठवलेला आठ डी रिपोर्ट, म्हणजे कंप्लेंटचं कारण आणि उपाय लिहिलेला कागद, सुद्धा द्या. माझी खात्री आहे त्यात मूळ कारणाच्या रकान्यात "ऑपरेटरची चूक" आणि उपायाच्या रकान्यात "ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं" असं असणार, खाली ट्रेनिंगच्या सह्यांचा कागद जोडलेला. त्याला विचारा, हा रिपोर्ट तुझ्याकडं आला असता तर? चांगला माणूस दोन वेगळे प्रश्न करतो. असा पीस बनलाच का, आणि बनला तर आपल्या गेटबाहेर गेलाच कसा. दोन्हीची कारणं वेगळी असतात आणि बहुतेक लोक पहिल्यावरच थांबतात. आणि त्याच्याही आधी एक प्रश्न असतो, तो ज्याच्या तोंडून पहिला येईल त्याला माझा सलाम. "तसाच माल आत्ता कुठं कुठं आहे?" कस्टमरच्या लाइनवर किती, त्यांच्या स्टोअरमध्ये किती, वाटेत टेम्पोत किती, आपल्या पॅकिंगला किती. मूळ कारण चार दिवसांनी सापडलं तरी चालतं, पण तो माल आजच्या आज अडवावा लागतो.

तोंडी प्रश्न मोजकेच विचारा. एक म्हणजे, आत्तापर्यंत कधी माल अडवलाय का, कुणाचा, काय झालं, मालक काय म्हणाला. ज्यानं खरंच अडवलाय तो पार्टचं नाव, डायमेन्शन, त्या दिवशी कोण ओरडलं, सगळं सांगतो, सांगताना जरा तापतो सुद्धा. ज्यानं अडवला नाही तो "आम्ही प्रिव्हेन्शनवर भर द्यायचो" असं काहीतरी गुळगुळीत बोलतो. दुसरा प्रश्न, माल निघून गेल्यावर चूक तुमच्याच लक्षात आली असं कधी झालं का, आणि मग तुम्ही कस्टमरला स्वतःहून फोन केलात का. केला असेल तर कुणाला, काय शब्दांत. इथं माणूस उघडा पडतो.

आणि कुणी म्हणाला "आमच्याकडं रिजेक्शन झिरो होतं", तर कपाळाला हात लावा. कास्टिंगवर मशिनिंग करणाऱ्याकडं झिरो रिजेक्शन? ब्लो होल, म्हणजे कास्टिंगच्या पोटातली पोकळी, काय आधी फोन करून येतो का? झिरो म्हणजे रिजेक्ट मालाच्या लाल बिनला कुलूप होतं किंवा माल रात्री भंगारात जात होता. मला तर जो आपली रिजेक्शनची टक्केवारी पार्टवार सांगतो, त्यातली सीआर (कास्टिंगमुळं गेलेली) किती आणि एमआर (मशिनिंगमुळं गेलेली, मघाचा एमआर नव्हे) किती हे वेगळं सांगतो, तो माणूस जवळचा वाटतो. तुम्हाला माहितीच आहे, आपल्या पट्ट्यात निम्मी भांडणं सीआर-एमआर वरनंच होतात. फौंड्रीवाला म्हणतो तुमच्या क्लॅम्पिंगनं गेलं, आपण म्हणतो तुमचं श्रिंकेज (ओतीव थंड होताना आकसून झालेला दोष) आहे, आणि चार तास मशिनिंग करून उघडा पडलेला ब्लो होल कुणाच्या खात्यात घालायचा यावर दोन-दोन महिने पैसे कापायच्या डेबिट नोट लटकतात. तुमच्या मॅनेजरला कोल्हापूरच्या शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावला जाऊन फौंड्रीत उभं राहता आलं पाहिजे, हीट नंबर (कुठल्या ओतीचा माल) आणि कॅव्हिटी नंबर (साच्यातला कुठला खण) लावून दाखवता आलं पाहिजे की बघा, तुमच्या याच कॅव्हिटीत येतंय. मोठ्या कंपनीतल्या माणसाला याची सवय असेलच असं नाही, तिथं सप्लायर क्वालिटीला वेगळं खातं असतं, त्यानं मेल टाकला की सप्लायर पळत येतो. तुमच्यासाठी फौंड्रीवाला पळत येणार नाही, तुमचं टनेज तेवढं नाही, राग मानू नका.

ब्लॅक बेल्टचं विचारलंय. बेल्ट देणारी जगात एकच संस्था असं काही नाही. काही ठिकाणी खरा प्रोजेक्ट करून, परीक्षा देऊन मिळतो, काही ठिकाणी दोन-तीन रविवार ऑनलाइन बसलं की मिळतो. त्यामुळं सर्टिफिकेट बघू नका, प्रोजेक्ट मागा. कुठला पार्ट, आधी किती जात होते, काय बदललं, आणि तो बदल आजही तिथं चालू आहे का. अमेरिकेच्या एएसक्यू संस्थेची खास क्वालिटी मॅनेजरसाठी परीक्षा आहे, तिला कामाच्या अनुभवाची अट असते, ती कुणी केली असेल तर चांगलंच आहे, पण कुपवाडात तिच्यावाचून अडत नाही. लीड ऑडिटरचा कोर्स साधारण पाच दिवसांचा असतो, त्यानं ऑडिट कळतं, कारखाना कळतोच असं नाही. ऑडिट पास करून देणारा आणि क्वालिटी बघणारा ही दोन वेगळी माणसं असतात, क्वचित एकात सापडतात. फाइलवाला माणूस ऑडिटच्या आदल्या आठवड्यात रात्र रात्र जागतो, बाकी वर्षभर दिसत नाही.

भाषेचं म्हणाल तर कस्टमरला मेल इंग्रजीत जाणार, तो नीट लिहिता यावा, आणि मशीनवर मराठी आणि हिंदी दोन्ही यावी कारण तुमचे निम्मे ऑपरेटर आता बाहेरच्या राज्यातले असतील. कॉम्प्युटर, एक्सेल हे आता वेगळं विचारायची गोष्ट राहिली नाही.

आता मॅडमचा मुद्दा. पोरं ऐकतील का? दादा, त्या अकरा वर्षं कुठल्या तरी शॉपवरच काढून आल्यात ना, तिथली पोरं काय वेगळ्या ग्रहावरची होती का? शॉपवर पोरं कुणाचं ऐकतात तर ज्याचं मालक ऐकतो त्याचं. पहिल्याच महिन्यात त्यांनी एक लॉट अडवला आणि तुम्ही प्रॉडक्शनवाल्याच्या फोनवरनं तो सोडायला लावलात की मग त्या जागी कुणीही असो, त्याचं कुणी ऐकणार नाही. बाई आहे म्हणून नको हे डोक्यातनं काढा, आणि बाई आहे म्हणून स्वस्तात मिळेल हेही काढा, ते तुमच्या पत्रात लिहिलेलं नाही पण मला वास आला.

अर्धा दिवस शॉपवर फिरवल्याशिवाय त्यांनाच घ्या असं मी सांगणार नाही. पण आज माझ्या मनात त्या पुढं आहेत. कारण ज्या माणसानं नोकरी मागायला आल्यावर, समोर पगार देणारा बसलेला असताना, थांबवायचा अधिकार कुणाला हे विचारलं, त्यानं कुठंतरी तो अधिकार नसताना सही केल्याचं सोसलेलं असणार. आणि पुण्याच्या साहेबांना नाही म्हणायच्या आधी त्यांना एक विचारा, मोठी कंपनी सोडून कुपवाडला का यायचंय? सांगलीच्या वालचंद कॉलेजला शिकलेली, इकडचीच पोरं आई-वडिलांसाठी परत येतात, ती टिकतात. पण घर पुण्यात, मुलं तिथल्या शाळेत, आणि हा दर शनिवारी दुपारी एसटी पकडणार असेल तर सोमवारी सकाळी तुमच्याकडं क्वालिटी मॅनेजर नाही हे धरून चाला.

मात्र एक लक्षात ठेवा, नुसतं अडवणारा माणूसही नको. काही जण असतात, प्रत्येक गोष्टीला लाल टॅग, ड्रॉइंग दाखवतात, सही करत नाहीत आणि पाच वाजता घरी जातात. त्यानं कारखाना चालत नाही. त्या दोन ढिल्या पिसांचं पुढं काय करायचं हे त्याला सुचलं पाहिजे. लॉट अडवून शंभर टक्के तपासायला लावणं, चांगले वेगळे काढून तेवढे तरी आज पाठवणं, कुठल्या वेळेपासनं बिघडलं ते शोधून त्याच्या आधीचा माल मोकळा करणं. आणि थोडं बाहेर गेलेलं पण बहुतेक चालण्यासारखं असेल तर एसक्यूएला फोन करून खरं आहे ते सांगून लेखी डेव्हिएशन, म्हणजे तेवढ्या मालापुरती सूट, मागणं. लेखी, हं. "साहेब फोनवर हो म्हणाले" याला काही अर्थ नसतो, साहेब पुढच्या महिन्यात बदलून जातात. पण हे "चालण्यासारखं" बोअरला लावू नका, तिथं बेअरिंग फिरायला लागलं की कुणाचं चालत नाही.

पगाराचं. दुप्पट मागतो म्हणून घाबरलात, ठीक आहे. पण आधी तुमच्या अकाउंटंटला बसवून मागच्या बारा महिन्यांच्या डेबिट नोटा एकत्र करायला सांगा. त्यात चाकणला सॉर्टिंगला पाठवलेल्या पोरांचा लॉज आणि जेवणाचा खर्च घाला, कस्टमरनं थर्ड पार्टीकडनं सॉर्टिंग करून घेतलं असेल तर ते बिल घाला, लाइन थांबेल म्हणून रात्री स्पेशल गाडी करून पाठवलेला माल घाला, रीवर्कचा ओव्हरटाइम घाला, भंगारात गेलेलं मशिनिंग घाला. आकडा बघा आणि मग ठरवा पगार जास्त आहे का कमी. इन्सेंटिव्ह द्यायचा असेल तर डिस्पॅचच्या आकड्यावर चुकून सुद्धा ठेवू नका, मग तो टेम्पो थांबवेल कशाला? आणि नुसत्या कमी रिजेक्शनवर पण नको, तो आकडा लपवायला लागेल. तीच कंप्लेंट परत आली नाही, यावर ठेवा.

चौकशी जरूर करा, पण जपून. माणूस अजून नोकरीत आहे, त्याच्या मालकाला फोन गेला तर त्याचं नुकसान. त्यालाच विचारा, कुणाशी बोलू म्हणून. एचआरचा नंबर दिला तर ठीक, पण आधीच्या कंपनीच्या कस्टमरकडचा एसक्यूए किंवा त्यांना माल देणारा एखादा फौंड्रीवाला, असा नंबर दिला तर फार चांगलं. ज्याचा माल त्यानं परत पाठवलाय तोच माणूस जर म्हणाला "कटकट्या आहे पण खोटं बोलत नाही", तर तुमचं काम झालं.

आता अण्णा. अण्णांना वर्तमानपत्रासारखी बातमी लागू देऊ नका, आधी तुम्ही स्वतः सांगा, आणि उमेदवार शॉपवर येईल तेव्हा त्याला फिरवायला अण्णांनाच द्या. तुम्ही बरोबर जाऊ नका. नंतर अण्णांना "कसा वाटला" असं विचारू नका, ते भिडेपोटी बरा आहे म्हणतील. "त्यानं तुम्हाला काय काय विचारलं?" असं विचारा. कुठल्या फौंड्रीच्या कुठल्या पार्टला पाऊस लागला की ब्लो होल वाढतात, कुठल्या मशीनचा स्पिंडल सकाळी पहिला अर्धा तास वेगळं रीडिंग देतो, हे अण्णांच्या डोक्यात आहे, कागदावर कुठंच नाही. ज्यानं दोन तासात त्यांच्याकडनं अशी एक तरी गोष्ट काढून घेतली तो अण्णांना सांभाळेल. ज्यानं त्यांना नुसतं "हे गेज कुठं, ते रजिस्टर कुठं" विचारलं तो आल्यावर महिन्याभरात अण्णा राजीनामा देतील, आणि तेव्हा तुमचं खरं नुकसान होईल. अण्णांना इन्कमिंग कास्टिंग इन्स्पेक्शन पूर्ण द्या, नाव द्या, दोन पोरं हाताखाली द्या, पगाराला हात लावू नका, वाढवता आला तर वाढवा.

आल्यावर पहिल्या तीन महिन्यांत नव्या माणसाकडनं फायली मागू नका. तुमच्या सगळ्यात जास्त त्रास देणाऱ्या दोन-तीन कंप्लेंट द्या आणि त्याच बंद करायला लावा, बरोबरनं गेजचं कॅलिब्रेशन एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबकडनं झालंय का आणि एकच जॉब तीन माणसांनी मोजला तर तिघांचं एक येतं का, एवढं बघायला सांगा. मोजण्यातल्या या फरकाचा आकडा, म्हणजे गेज आर अँड आर, तीस टक्क्यांच्या वर निघाला तर ती मोजमापाची पद्धतच बाद धरतात, दहाच्या खाली आला तर चांगला. तुमच्याकडं कधी काढलाच नसेल तर पहिला आकडा बघून धक्का बसेल, त्याच्यावर ओरडू नका. पहिल्याच आठवड्यात सीएमएम घ्यायला लावणाऱ्याला मात्र जरा थांबवा, आधी आहेत ती गेज वापरून दाखव म्हणावं.

अपॉइंटमेंट लेटरमध्ये दोन ओळी घालाच: तो थेट तुम्हाला रिपोर्ट करेल, आणि संशय आला तर मशीन आणि डिस्पॅच थांबवायचा त्याला अधिकार आहे. हेच पत्र सगळ्या शिफ्ट सुपरवायझरना बोलावून तुमच्या तोंडानं वाचून दाखवा, प्रॉडक्शन मॅनेजर समोर असताना.

एसक्यूए साहेब मागं लागलेत म्हणून घाई करू नका. चांगल्या माणसाचा नोटीस पीरियड दोन-तीन महिन्यांचा असू शकतो. त्यांना आजच मेल टाका, इन्स्पेक्शन प्रॉडक्शनपासनं वेगळं केलं, तोवर अण्णांना थांबवायचा अधिकार दिला, माणूस अमुक तारखेला रुजू होतोय. असा मेल त्यांना फार क्वचित येतो, ते थांबतील. राहिला मामांचा मुलगा. शॉपवरच्या फेरीत तो बसला नाही, आणि ज्युनिअर म्हणून यायची तयारी असली, तर त्याचा इंटरव्ह्यू नव्या मॅनेजरलाच घेऊ द्या, तुम्ही केबिनमध्ये बसू नका. आणि नाही म्हणायची वेळ आली तर ते वहिनींवर ढकलू नका, मामांना फोन तुम्हीच करा.